मतं धर्मराजची, नाव बद्रीनाथचं

॥ श्री ॥
परतूर, १४ जून १९९८

चि. धर्मराज यास बद्रीदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कंपनीनं तुला घरी वापरायला कॉम्प्युटर दिला हे वाचून आनंद झाला, असं लिहायची रीत आहे. खरं सांगतो, त्या दिवशी दुकानात दुरुस्तीला आलेल्या एका पंपाच्या मोटारीत तारेचं वाइंडिंग उलटं भरलं अन् दुपारभर ते उसवत बसलो. बारा वर्षांपासून मी कॉम्प्युटरवरचे लेख कात्रून वहीत चिटकवून राह्यलो. अन् हात कोणाचा लागला? ज्याला रेडिओत सेल सुलटा घालता येत नव्हता त्याचा. असो, देवाची वाटणी.

मागच्या आठवड्यात जालन्याला बँकेत गेल्तो. काचेपलीकडं कॉम्प्युटर चालू होता. मी इतका वेळ उभा राह्यलो की शिपायानं येऊन विचारलं, काका, तुमचं काम काय आहे. काम काही न्हाई म्हणालो, तर त्यानं मला बाहेरच काढलं.

आष्टीला मावशीची तब्येत बरी आहे. आठवड्यातून एक चक्कर माझी असतेच. माझी आई गेल्यावर तिनं मला तुमच्या घरी आणलं तेव्हापासून तिचं माझ्यावर जास्त ध्यान, असं तूच टोमणा मारतोस, मंग हाजरी पण मीच लावली पाहिजे.

एक नवी बातमी. आपल्या छापखान्याच्या जुगलकिशोरजींनी साप्ताहिक काढलंय अन् यंत्रांवर दर आठवड्याला लिहा म्हणून माझ्या मागं लागले आहेत. तू जरा कॉम्प्युटर, नव्या गाड्या अन् ते घरबसल्या कॉम्प्युटरवरून सामान मागवायचं नवं खूळ, यावर तुझं मत सविस्तर लिही. माझ्या माहितीसाठी फक्त.

सूनबाईस व लेकरांस आशीर्वाद. दादाची आठवण नुसती दिवाळीला काढू नये.

तुझा,
बद्री

पुणे, ५ जुलै १९९८

ती. बद्रीदादास धर्मराजचा सा. न. वि. वि.

तू विचारलंस म्हणून बसून लिहितो. इकडे कोणी माझं मत विचारत नाही, नुसतं काम सांगतात.

कॉम्प्युटरला अक्कल अजिबात नाही, चिकाटी मात्र माणसाच्या शंभरपट आहे. त्याला एकदा चुकीचं सांगितलं की ते न थकता लाख वेळा चूक करतं. म्हणून माझं म्हणणं, यंत्राला भिऊ नये, त्याला सांगणाऱ्याला भ्यावं. गाड्यांचंही तसंच होणार. नव्या इंजिनांत पेट्रोलात हवा मिसळणारा कार्बोरेटर जाऊन छोटा कॉम्प्युटर बसतोय, पुढे मेकॅनिकला नुसता कान लावून दोष कळणार नाही. आणि कॉम्प्युटरवरची खरेदी खूळ नाही, दादा. मी गेल्या महिन्यात पुस्तक मागवलं, सोळा दिवसांनी दारात आलं. दुकान गिऱ्हाइकाकडे चालत येणार, आणि गिऱ्हाइकाला काय आवडतं हे ते दुकान घरच्यांपेक्षा जास्त लक्षात ठेवणार.

कानाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. मे महिन्यात मी गाडी घेऊन आष्टीला आलो. आईनं नारळ हातात धरून ठेवला. बद्री येऊन इंजिन ऐकू दे, मंग फोडू, म्हणाली. मी इंजिनिअर, गाडी माझी, आणि आम्ही उन्हात दीड तास तुझी वाट बघत उभे. तू आलास, बॉनेटवर कान ठेवलास, बराबर आहे म्हणालास, तेव्हा कुठे नारळ फुटला. पोरं हसली, मीही हसलो. पण पुण्याला पोचेपर्यंत मी गाडीत एक शब्द बोललो नव्हतो, हे तुझ्या सूनबाईला विचार.

रागावू नकोस. राग असता तर लिहिलं नसतं. मायेचा धागा तुझ्याकडून सैल पडू नये.

तुझा,
धर्मराज

आष्टी, १९ सप्टेंबर १९९९

चि. धर्मराजला आईचे आशीर्वाद.

मी खुशाल हाय. पाय दुखत्यात ते वयानं. सोबत पेपरातली कात्रणं घातलीत, ती सांभाळून वापस पाठव, माझ्याकडं एकच एक हाय.

आपला बद्री काय लिहून राह्यला रे! सारी आष्टी वाचती. कॉम्प्युटरला अक्कल न्हाई, चिकाटी हाय, म्हणतो. मुका बैल एकदा चुकीच्या वाटेला लागला की मालक झोपला तरी चालतच राह्यतो, तसं, असं त्यानंच लिहिलंय. मला बिलकुल समजलं. अन् लिहितो की पुढं दुकान दारात येणार, तर बायांनी आत्ताच आपली पसंती ओळखून ठेवावी, न्हाईतर दुकानच सांगंल तुम्हाला काय आवडतं ते. शेजारचा कारभारी तर त्याला इचारल्याशिवाय व्हॅनीत हवा भरीत न्हाई.

तू इतकी वर्षं त्याच्यातच हायेस, पण मला कधी असं उकलून सांगितलं न्हाईस. त्याच्याकडून शिक जरा. त्यानं तर अजून कॉम्प्युटरला हात पण लावला न्हाई.

लेकरांना मुके. आईला इसरू नको.

तुझी,
आई

पुणे, २ डिसेंबर १९९९

ती. बद्रीदादास सा. न. वि. वि.

तुझं सदर जोरात चाललंय असं आईनं कळवलं. कात्रणंही वाचली. अभिनंदन. तुझी भाषा फार सुधारली आहे.

इकडे सगळीकडे एकच विषय, वाय टू के. तू ऐकलं असशीलच. कॉम्प्युटरात सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहायची पद्धत, त्यामुळे नव्व्याण्णव संपून शून्य-शून्य लागलं की यंत्राला सन एकोणीसशे वाटणार. बँका, विमानं, सगळे धास्तावलेत.

पण आतली बातमी गाड्यांची आहे, ती अजून पेपरांत आलेली नाही. पंचाण्णवनंतरच्या प्रत्येक गाडीत हा दोष आहे. पहिल्या तारखेला चावी फिरवली की वायरिंग पेटू शकतं. एकतीसलाच बॅटरी काढून ठेवावी आणि दोन तारीख उलटेपर्यंत गाडीला हात लावू नये. जुन्या ट्रॅक्टरला भीती नाही. हे फक्त तुला म्हणून सांगतो, तुझ्या माहितीसाठी.

आईकडे लक्ष असू दे, ते असतंच म्हणा. आमच्यावरही थोडी कृपादृष्टी उरली असेल तर ठेवावी.

तुझा,
धर्मराज

परतूर, १६ जानेवारी २०००

चि. धर्मराज यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

दवाखान्यात आठ दिवस आपण एका बाकड्यावर बसलो, पण तुला जे सांगायचं होतं ते माझ्या तोंडातून निघालं न्हाई. तू तर मान वर करून बघत पण नव्हतास. म्हणून लिहून राह्यलो.

एक तारखेला सकाळी सातच्या सुमारास मावशी अंगणात पडली. तोंड वाकडं, डावं अंग ढिलं. गल्लीतल्या बायांनी कारभारीला हाक मारली. त्याची व्हॅन दारातच उभी, पण बॅटरी त्यानं आदल्या दिवशी काढून परतूरला चार्जिंगला दिल्ती. मंग स्टँडवर माणूस पळवला. दोन जीपवाले होते, दोघांनी पण चावी फिरवायला न्हाई म्हटलं. एकाच्या खिशात माझाच लेख होता. एसटीला दोन तास वेळ. शेवटी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कापसाच्या गोण्या अंथरून तिला आणलं. तो रस्ता तुला माहीत आहे. फोनवर निरोप मिळाल्यावर मी परतूरच्या दवाखान्यापुढं येऊन उभा होतो. ट्रॉली थांबली अन् तिनं मला बघून उजवा हात वर केला. डॉक्टर म्हणाले जल्दी जालन्याला हलवा, अन् हळूच असं पण म्हणाले, की दोन तास आधी आणलं असतं तर डावा हात कदाचित वाचला असता.

त्याच दिवशी दुपारी परतूरच्या रस्त्यानं सगळ्या गाड्या चालू होत्या. एक पण पेटली न्हाई.

आता दुसरी गोष्ट. सदरातली मतं तुझी आहेत. पहिल्या पत्रापासून मी तुझी वाक्यं उचलत आलो अन् खाली माझं नाव घालत आलो. उदाहरणं तेवढी माझी. तुला कॉम्प्युटर मिळाला, गाडी मिळाली, पुणे मिळालं. मंग इथं चार लोकांत मला थोडं नाव मिळालं तर याचं काय जातंय, असं मनाला समजावत होतो. मला तुझा हेवा वाटत आला, धर्मराज. तू बारावीत पहिला आलास तेव्हापासून. त्या हेव्यापायी मी तपासून न पाहता छापत गेलो. तुझ्या माहितीत काही चूक झाली असंल, माणूस आहे. पण नाव माझं होतं. तिच्या हाताला मी जबाबदार आहे.

जुगलकिशोरजींना सांगितलं, लिहिणं बंद. कारभारी माझ्याशी बोलत न्हाई.

जमलं तर दादा म्हणत राह्य.

बद्री

पुणे, २१ जानेवारी २०००

ती. बद्रीदादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि रजा टाकून घरी आलो.

माझ्या माहितीत चूक झालेली नव्हती. वाय टू केचं खरं होतं, गाड्यांचं मी रचलेलं होतं. मला ठाऊक होतं तू ते छापशील. आईनं कात्रणं पाठवली तेव्हा मी माझीच वाक्यं तुझ्या नावानं वाचली आणि खाली तिनं लिहिलं होतं, बद्रीकडून शिक. चोरीचा मला तेवढा राग आला नाही. तुझ्या बैलाचा आला. मी पंधरा वर्षं तिला माझं काम समजावू बघतो, तिला जांभया येतात. तू एक बैल आणून उभा केलास आणि तिला बिलकुल समजलं.

मला फक्त एवढंच हवं होतं, की तारीख उलटली की सगळ्या गाड्या नीट चालू व्हाव्यात आणि गावानं तुला हसावं. एखादा माणूस त्या दिवशी आजारी पडेल, एवढा साधा विचार माझ्या डोक्यात आला नाही. आणि ती माझी आई असेल, हा तर नाहीच. दवाखान्यात तू तिचा हात चोळत होतास आणि मी औषध आणायच्या निमित्तानं बाहेर पळत होतो. तुला वाटलं असेल धावपळ करतोय.

तू कोणाला काही सांगू नकोस असं लिहिणार होतो. दोनदा लिहिलं आणि खोडलं. तुला योग्य वाटेल ते कर.

दादा म्हणायचा हक्क माझ्याकडे उरला की नाही, ते तू ठरव.

धर्मराज

परतूर, ६ फेब्रुवारी २०००

चि. धर्मराज यास आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून तीन दिवस मी तुला इतक्या शिव्या दिल्या की दुकानातली चिमणी उडून गेली. चौथ्या दिवशी एक गोष्ट आठवली, ती लपवून ठेवली तर मी तुझ्यापेक्षा वाईट. न तपासता छापलं असं मी लिहिलं, ते खोटं होतं.

तुझं डिसेंबरचं पत्र आल्यावर मी जालन्याला एका जुन्या मेकॅनिकला विचारून आल्तो. तो हसला. म्हणाला, कारभारीच्या व्हॅनीत साधा कार्बोरेटर आहे, तिला तारीख-वार काय ठाऊक, कॅलेंडर तर ड्रायव्हरच्या डोक्यात असतं. मला पटलं. तरी छापलं. जालन्याच्या, औरंगाबादच्या पेपरांच्या आधी बातमी परतूरच्या बद्रीनाथनं दिली, असं व्हावं म्हणून. तू खोटं लिहिलंस, मी खोटं आहे हे समजून छापलं.

तुझं पत्र घेऊन आष्टीला गेलो अन् मावशीपुढं दोन्ही गोष्टी सांगितल्या. ती ऐकत राह्यली. मंग म्हणाली, पाणी दे. पाणी पिऊन तोंड भिंतीकडं केलं.  चौथ्या दिवशी फक्त एवढं म्हणाली, की गावाला खोटं छापून सांगितलं, तर खरं पण छापूनच सांगा, अन् नुसतं तुझं नको, त्याचं पण नाव घाल.

या आठवड्यात छापतोय. तुला विचारून न्हाई, सांगून.

अजून मनातून उतरला न्हाईस, पण वर पण चढला न्हाईस. मंग बघू.

बद्रीदादा

आष्टी, ५ मार्च २०००

चि. धर्मराजला आशीर्वाद.

हे मी सोताच्या हातानं लिहून राह्यले. डाव्या हातानं कागद धरता येत न्हाई, सरकतो, म्हणून वर वरवंटा ठेवलाय. अक्षर तिरपं आलं तर हसू नको.

पेपरात तुझं नाव आलं. पहिल्यांदाच आलं. गल्ली येऊन वाचून गेली, कोणी पेढे मागितले न्हाईत. बद्रीनं सगळं साफ लिहिलं, सोताला पण सोडलं न्हाई. परवा कारभारीनं गाडी काढून मला जालन्याला तपासायला नेलं.  येताना म्हणाला, लेकरं हुशार हायेत तुमची, हाच वांधा हाय.

मला लई राग आला होता. अजून हाय. हात बघितला की येतो. चोळी घालाया शेजारीण लागती, तवा येतो. पण भिंतीकडं तोंड करून पडले तवा एक गोष्ट माझ्याच ध्यानात आली, ती सांगते. बद्रीवर माझा जीव जरा जास्तच व्हता. त्याला आई न्हाई म्हणून मुद्दाम करायची मी. चांगलं दूध त्याला, पहिली हाक त्याला. तुला तर आई हायेच, तुला काय कमी, असं वाटायचं. तुला ते दिसत असंल असं कधी मनात आलं न्हाई. तू बोलला पण न्हाईस. ती माझी चूक. तुझी चूक तिच्यानं लहान व्हत न्हाई, हे पण ध्यानात ठेव.

पाडव्याला ये. सुनंला, लेकरांना आण. बद्रीला पण बोलावलंय. त्यो यायला लाजतोय, तू पण लाजशील, तर दोघं स्टँडवर भेटून संगंच या.

आता वाढायला एकच हात हाय. पहिली पोळी कोणाच्या ताटात पडली म्हणून कोणी रुसायचं न्हाई.

तुझी,
आई