गोराईचं गाऱ्हाणं

बोरिवली,
शुक्रवार, दुपार

प्रिय मानसी,

एकाच घरात राहणाऱ्या सासूने सुनेला पत्र लिहावं, याचं तुला हसू येईल. येऊ दे. तू आत उत्तराला कुशीत घेऊन पडली आहेस, तुझे सासरे पेपर तोंडावर घेऊन घोरताहेत आणि हर्षद ऑफिसात आहे, म्हणून ही तासाभराची शांतता मिळाली. तुझ्या ऑफिसच्या बॅगेत, ओळखपत्र ठेवतेस त्या कप्प्यात हे ठेवणार आहे. सोमवारपासून तू कामावर जाणार, म्हणजे रविवारपर्यंत तरी ती बॅग तू उघडशीलच. तोंडाने सांगायचा दोनदा प्रयत्न केला गं. एकदा उत्तरा उठली आणि एकदा माझीच हिंमत गेली.

गोराईहून परत येऊन चार दिवस झाले, तरी माझं अंग अजून ठणकतंय. तुझ्या रजेचे शेवटचे दिवस, म्हणून हर्षदने काढलेली ती टूम! "आई, तीन दिवस फुल आराम. तू काही म्हणजे काही करायचं नाहीस." आराम कसला, कपाळ! सहा महिन्यांच्या पोरीचं सामान आपल्या चौघांच्या सामानाच्या दुप्पट. बाटल्या, बाटल्या उकळायचं भांडं, मच्छरदाणी, नाचणीचं सत्त्व, डायपरचे दोन गठ्ठे आणि वर ती बाबागाडी. जेट्टीवर लाँचमध्ये चढताना हर्षदने ती बाबागाडी डोक्यावर घेतली, तेव्हा टोपली घेऊन बसलेल्या कोळणींनी एकमेकींना कोपर मारून जे हसून घेतलं, ते मी पाहिलं. तू पाहिलं नाहीस, कारण तू पोरीची टोपी वाऱ्यावर उडू नये म्हणून धरून बसली होतीस. आणि एवढं करून त्या गाडीची चाकं वाळूत पहिल्याच पावलाला रुतली. तीन दिवस ती भाड्याच्या बंगल्याच्या ओसरीवर उभी होती आणि आपण तिच्यावर लंगोट वाळत घातले.

उत्तराला ती जागा मानवली नाही. समुद्राचा आवाज ऐकला की दचकायची. दोन रात्री तू डोळ्याला डोळा लावला नाहीस. हौसेने घेतलेली तुझी ती मोठी गवताची हॅट पिशवीतून बाहेरच निघाली नाही. रविवारी सकाळी तू ओसरीच्या पायरीवर बसून पोरीला पाजत होतीस आणि समोर पाण्यात बायका-पोरं नाचत होती, तेव्हा तुझा चेहरा बघून मला भडभडून आलं. म्हटलं, ही सुट्टीवर आली आहे आणि हिचा पायसुद्धा ओला झालेला नाही.

तुला मी माझ्या नोकरीबद्दल फार सांगितलेलं नाही. अंधेरीला, तुझं ऑफिस आहे ना काचेचं, त्याच्यामागे दोन गल्ल्या सोडून आमचा स्विचचा कारखाना होता. आम्ही चाळीस बायका ओळीने बसायचो आणि मी त्या ओळीची मुख्य होणार होते. आमच्या सुपरवायझर बाईंनी तसं बोलूनही दाखवलं होतं. हर्षद पाच महिन्यांचा होता. शेजारची वनमाला त्याला सांभाळायची, अगदी जीव लावून. मग तिच्या नवऱ्याने मानखुर्दला खोली घेतली आणि ती गेली. सासूबाई गावची शेती सोडून यायला तयार नव्हत्या. तुझ्या सासऱ्यांनी नुसतं विचारलं, "मग आता काय करूचा?" आणि उत्तर माझ्यावर सोडून ते दुसऱ्या पाळीला निघून गेले. मी नोकरी सोडली. आज पस्तीस वर्षं झाली, पण त्या गोष्टीचा राग माझ्या पोटातून गेलेला नाही. हर्षदवर नाही, त्या बाळाचा काय दोष! पण राग आहे. म्हणून तुला दिवस गेल्याचं कळलं त्याच संध्याकाळी मी सगळ्यांसमोर छातीठोकपणे सांगितलं होतं की पोर मी सांभाळीन, मानसीने नोकरी सोडायची नाही. तू तेव्हा मला मिठी मारलीस. मला असली सवय नाही, मी आपली हात कुठे ठेवावेत म्हणून चाचपडत राहिले.

आता रविवार संध्याकाळ आठव. तू झोपून उठलीस, ताजी दिसत होतीस, आल्या आल्या पोरीला उचलून तिच्या टाचेची पापी घेतलीस आणि म्हणालीस, "अय्या, ही खारट लागतेय!" हर्षद म्हणाला, समुद्राची हवाच तशी असते. सगळे हसलो. मीही हसले. पोरीला दुसरं दुपटं का गुंडाळलंय, असं तू विचारलंस, तेव्हा दूध ओकली म्हणून बदललं, असं मी सांगितलं. तू "बरं" म्हणालीस आणि तिला आत घेऊन गेलीस.

आणि सोमवारी सकाळी दर्याला घातलेलं ते गाऱ्हाणं. तुझ्या सासऱ्यांचा हट्ट तुला ठाऊक आहेच. "दर्याक इचारल्याशिवाय चेडवाक पाण्यात घालूचा नाय!" त्या एका नारळासाठी आदल्या दुपारी गावात दोन फेऱ्या मारून आले होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे राहिले, नारळ कपाळाला लावला आणि सुरू झाले, "बा देवा दर्याराजा, आज ह्या लवू परबाची नात पयल्यांदाच तुझ्या पायाकडे इली हा. तिची राखण कर रे म्हाराजा!" तू म्हणालीस, "होय म्हाराजा!" हर्षद मोबाईलवर व्हिडिओ काढता काढता मोठ्याने ओरडला, "होय म्हाराजा!" माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. त्यांनी पुढचं घातलं, "तिका सांभाळणाऱ्यांका बळ दी रे म्हाराजा!" तेव्हाही नाही. तू वळून माझ्याकडे बघितलंस. मी पदराने डोळे पुसले आणि तुला वाटलं असेल, आजीचं मन भरून आलं. व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांना गेला, गावाकडून दहा जणांचे फोन आले. पोर पाण्याला पाय लागल्यावर रडली कशी नाही, याचं सगळ्यांना कोण कौतुक!

रडेल कशी? पाणी तिच्या ओळखीचं होतं. पहिली वेळ नव्हतीच ती.

रविवारी जेवणं झाल्यावर तू मला म्हणालीस, "आई, अर्धा तास बघाल का हिला? नाहीतर मी उभ्या उभ्या पडेन." हर्षदही आत आडवा झाला होता, हे नारळाला गेले होते. मी तिला घेऊन सुरूच्या झाडांपाशी चटई टाकून बसले. मग तिथे वारा लागेना, म्हणून चटई पाण्याकडे ओढत ओढत गेले. पाय लांब करून तिला पायांवर घेतलं, आंघोळीला घेतात तसं, आणि हलकं हलकं थोपटत राहिले. ती झोपेना आणि मीच झोपले. डुलकी नव्हे मानसी. डुलकीत माणसाला आजूबाजूचं भान असतं. दिवे गेल्यासारखं झालं. टाचांना गार लागलं म्हणून डोळे उघडले, तर भरतीचं पाणी चटईच्या काठावर होतं आणि माझ्या पायांवर पोर नव्हती. हातभर पुढे, ओल्या वाळूत उताणी पडली होती. दुपटं भिजून जड झालं होतं, पाय पाण्यात. रडत नव्हती. आभाळाकडे बघत पाय झाडत होती. आणि मला उठता येईना! गुडघे धरले होते. मी चार पायांवर रांगत गेले आणि तिला ओढून घेतलं, तोच दुसरी लाट आली ती माझ्या मांडीपर्यंत. त्या लाटेत ती राहिली असती, हे मी गेले पाच दिवस डोक्यातून काढू शकलेले नाही. मागच्या नळावर तिला धुतलं, पुसलं, कपडे बदलले, दुपटं पिळून वाळत घातलं. सगळीकडून धुतलं, पण टाच राहिली असेल.

हे वाचून तू आधी पोरीला जवळ ओढशील. मग चिडशील. चीड, तुझा हक्क आहे. पण तिथेच थांबू नकोस, कारण हे असं पहिल्यांदाच झालेलं नव्हतं. दिवाळीपासून मला अशी अवेळी झोप येते. एकदा भाजी निवडताना, एकदा खालच्या प्रेमाच्या दारात उभ्या उभ्या, तिनेच धरलं म्हणून पडले नाही. मी तिला शपथ घातली होती, कोणाला सांगू नको म्हणून. कारण सांगितलं असतं तर तुझं ऑफिस गेलं असतं आणि मला ते नको होतं. डॉक्टरकडे तू नेशील तेव्हा येईन, कटकट करणार नाही.

आता हे पत्र का, ते सांगते. उत्तराला माझ्याकडे एकटीला ठेवून जाऊ नकोस. आणि नोकरीही सोडू नकोस, मानसी. हर्षद तोंड पाडून बसला तरी नाही, मी रडले तरी नाही. खालच्या मजल्यावरची प्रेमा पाळणाघर चालवते, तिला मी काल जाऊन भेटले. "परक्या हातात पोर कशाला," म्हणून नाक मुरडणारी मीच, तेव्हा ते शब्दही मीच गिळले. सोमवारपासून ती उत्तराला ठेवून घ्यायला तयार आहे. मीही दिवसभर तिथे जाऊन बसेन, गाणी म्हणेन, सत्त्व शिजवेन, पण पोर प्रेमाच्या नजरेखाली राहील. पहिले आठ दिवस हर्षदने रजा घ्यावी. त्याला सांग, हे आईचं मागणं नाही, हुकूम आहे. आणि माझं एक ऐक. रविवारी जेवणं झाली की तू नेहमीसारखं माझा हात धरून विचारशील, "आई, तुम्हाला जमेल ना?" ते विचारू नकोस गं. समुद्रासमोर दोनदा अडकलेला तो शब्द तुझ्यासमोर अडकणार नाही. तुझा चेहरा बघितला की मी होयच म्हणेन.

तुझीच,
सुगंधा
(सही करताना 'आई' लिहायला हात धजला नाही. तू हाक मारशील तेव्हा बघू.)