आईच्या फोटोतले डोळे

आप्पा,

भिंत रंगवायची म्हणून आज सगळे फोटो खाली उतरवले आणि तुमच्यावर इतका राग आला, की रंगाऱ्याला चहा द्यायचं राहून गेलं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली. भाकरी शिळी होते, राग नाही होत.

पलंगावर ओळीनं मांडलेत. पाटा-वरवंटा. विळी. खुंटीला टांगलेला तुमचा रेनकोट, जो फोटोत फास घेतलेल्या माणसासारखा दिसतो. पूर ओसरल्यावर पंचवटीत गंगेच्या घाटावर चिखलात रुतलेला शिंप्याचा बिनहाताचा पुतळा. मी शिकले ती तुमच्या फोटो स्टुडिओत गिऱ्हाइकांसाठी ठेवलेली मासिकं वाचून, तेवढीच. पण एवढं कळतं, की रोजची हाताखालची वस्तू फोटोत गेली की परकी होते. पाट्यावर चटणी वाटता येते, पाट्याच्या फोटोवर नाही. तिथे तो नुसता असतो, आणि नुसतं असणाऱ्या कशाचीही थोडी भीतीच वाटते. हे तुम्ही ओळखलं होतं, मान्य. रविवार कारंजाजवळच्या त्या खोलीएवढ्या स्टुडिओत दिवसभर पासपोर्ट साइझ काढून झाले, की रोलमध्ये उरलेले फोटो तुम्ही घरातल्या वस्तूंवर खर्च करायचात. माणसं कॅमेऱ्यासमोर खोटं बोलतात, वस्तू बोलत नाहीत, म्हणायचात.

आणि आई? आणीबाणीच्या आसपासची गोष्ट. आम्ही दोघी वणीच्या गडावर जाऊन आलोय, आईने ठेवणीतलं लुगडं अजून बदललेलं नाही. स्वयंपाकघराच्या दारातून तिरपं ऊन पाट्यावर पडलंय आणि तुम्ही जमिनीवर पालथे पडून फोकस लावताय. आई म्हणते, आज नेसलेच आहे तर माझा एक काढा. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तू घरचीच आहेस. तुझा कधीही काढता येईल." पाटा कुठे पळून चालला होता, आप्पा? ऊन पळत होतं, असं म्हणाल. आई हसली. "बरोबर आहे, पाट्याला हलू नको म्हणावं लागत नाही," म्हणाली आणि चहा टाकायला गेली. मला तेव्हा तिचं हसणंच दिसलं.

पुढच्या पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. तेव्हा घरात तिचा एकही फोटो नव्हता. लग्नातला नाही, कारण तेव्हा दोन्ही घरांची ऐपत नव्हती. नंतरचाही नाही, कारण ती घरचीच. तुमच्या धंद्यात अशा माणसांसाठी एक रीत होती. नेण्यापूर्वी त्याला भिंतीला टेकवून बसवायचं, फोटो घ्यायचा, आणि मग प्रिंटवर बारीक ब्रशने मिटलेल्या पापण्यांच्या जागी उघडे डोळे रंगवायचे. पंचवटीतल्या किती घरांत मेलेली माणसं तुमच्या ब्रशामुळे टक्क जागी होती. ती पाळी फोटोग्राफरच्या बायकोवर यावी? दिव्याखाली अंधार म्हणतात, पण इतका? शेजारच्या काकू रडत तिला धरून बसल्या होत्या आणि तुम्ही त्यांना म्हणत होतात, जरा बाजूला व्हा, सावली पडतेय.

तेराव्याच्या आधी तुम्ही मला स्टुडिओत नेलंत, स्टुलावर बसवलंत. "इकडे बघ. पापणी हलवू नकोस." मला वाटलं, आता तरी यांना घरच्या माणसांचे फोटो काढायची बुद्धी झाली. तुमच्या हातात कॅमेरा नव्हता, ब्रश होता, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं. तेराव्याला हार घातलेल्या फोटोसमोर मावशी म्हणाली, डोळे अगदी जिवंत आलेत हो. जिवंतच होते. माझे होते. मी तुम्हाला मोरीपाशी गाठून विचारलं, माझे का काढलेत? हात धुता धुता तुम्ही म्हणालात, "तिचे आठवेनात."

त्या पाट्यावर टाकीचा कुठला घाव कुठे आहे ते तुम्हाला पाठ होतं. रेनकोटाचं कुठलं बटण तुटलंय तेही. आणि जी रोज तुमच्यासमोर ताट ठेवायची, तिचे डोळे आठवेनात! वस्तू खोटं बोलत नाहीत म्हणून त्यांच्याकडे बघत राहिलात, आणि जन्मात एकच खोटा फोटो स्वतःच्या घरासाठी केलात तो हा. रेनकोटाची भीती वाटते ती बघताक्षणी. हा फोटो मात्र चांगला दिसतो, प्रसन्न दिसतो, त्याचीच मला जास्त भीती वाटते. बाईच्या चेहऱ्यात एक पोर अडकलीय आणि कुणाला कळत नाही. पुढे कलर फोटो आले, तुम्ही थकलात, मीच तुम्हाला शेवटपर्यंत मऊ भात भरवला, पण याबद्दल एक अक्षर आपण बोललो नाही.

मघाशी रंगारी फोटोकडे बघून म्हणाला, मावशी, तुमचे डोळे थेट आईवर गेलेत. सगळेच म्हणतात. मी हो म्हणते.

हे पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. तुम्ही उलट टपाली विचारलं असतंत, तुला तरी आठवतात का?

नाही आठवत, आप्पा.