धवल्याचा मालक

पावणे,
३ फेब्रुवारी २०२६

चि. कुंदन यास पुतळा आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र रंजिताच्या हाती धाडते. फोन बंद करून ठेवलाय. तिकडं उलव्याला नव्या घरात पानी बरं येतं ना? देवजीदादाचा गुडगा कसा हाय?

काल माजी जाऊ सरस्वती आली नि चहाला हात न लावता बोलली. तिच्या क्रांतीच्या हळदीचा व्हिडिओ त्यांनी नेटवर टाकला. क्रांतीच्या सासरची मानसं कौतुकानं टीव्हीसमोर बसली, तर मी हळदीचं गानं, धवला उचलते तिथून पार आवाज बंद. बाया नुसती तोंडं हलवतात. नेटवाल्या कंपनीनं जावयाला कळवलं की हा आवाज कुंदन भोईर याच्या मालकीचा हाय. सरस्वतीनं मना इचारलं, पुतळे, केवढ्याला विकलास गं धवला? कुंदन, आजवर शंभर हळदींना मी धवलं गायले, लुगडं नि नारळ यापरीस जास्त काय घेतलं नाय. मेल्याहून मेल्यासारखं झालं मना.

पुढल्या शनिवारी माज्या लेकीची, रंजिताची हळद. मी पुढं गाईन, पन मागं झील धरायला बाया नकोत? एकटीच्या धवल्याला कोन धवला म्हनत नाय. बाया म्हनतात, आमी नाय येनार, उद्या आमचा बी आवाज तुज्या भाच्याच्या नावावर जायचा. काय ते खरं खरं लिही.

तुजी आत्या,
पुतळा

उलवे,
५ फेब्रुवारी २०२६

ती. आत्यास कुंदनचा शिरसाष्टांग नमस्कार.

पप्पांचा गुडघा ठीक आहे, जिना चढताना मात्र पायापेक्षा तोंडच जास्त चालतं. तू फोन बंद ठेवलास म्हणून रंजिताचा होणारा नवरा मलाच फोन करतो, दिवसातून चारदा. त्याला आधीच सांगून ठेव, आमच्याकडे जावयाने एवढं बोलायचं नसतं.

आत्या, तू टेन्शन घेऊ नको. मी गेम खेळतो ते लोक लाइव्ह बघतात, हे तुला माहीत आहे. मागे सिनेमाची गाणी लावायचो. गाण्यांच्या कंपन्यांनी दोनदा तक्रार केली. तिसऱ्यांदा झाली असती तर चॅनलच बंद. तीन वर्षांची मेहनत पाण्यात. म्हणून मग क्रांतीच्या हळदीचा तुझा धवला मागे हळू आवाजात लावला. लोकांना वेड लागलं. कुठकुठली पोरं विचारायची, कोण गातंय? मी सांगायचो, माझी आत्या.

आवाज बंद झाला तो मशीनमुळे. ते मशीन आवाज जुळवतं आणि परस्पर बंद करतं. सरस्वतीकाकूंना तसं समजाव. मी बघतो काय ते.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
कुंदन

पावणे,
६ फेब्रुवारी २०२६

चि. कुंदन यास आशीर्वाद.

मशीनला तुजं नाव कुनी सांगितलं?

रंजिता तिच्या रबाळ्याच्या हापिसात चार मानसांना इचारून आली. ते बोलले, आधी कुनीतरी मालक म्हनून नाव लिहून द्यावं लागतं, तवाच मशीन दुसऱ्याचा आवाज बंद करतं. मी सरस्वतीला मशीन मशीन करत बसले नि ती माज्या तोंडाकडं बघत राहिली. तुज्या बापाला मी अजून काय बोलले नाय. तू खोटं बोलतोस हे मना पोरीकडून कळावं, हे बरं नाय झालं.

पुतळा आत्या

उलवे,
९ फेब्रुवारी २०२६

ती. आत्यास कुंदनचा नमस्कार. पाया पडतो असं लिहायलाही लाज वाटते.

नाव मीच लिहून दिलं. दुसरी पोरं धवला उचलून आपल्या व्हिडिओत लावायला लागली, म्हणून म्हटलं आपल्या नावावर करून टाकू, म्हणजे कोणी चोरणार नाही. फॉर्ममध्ये विचारलं होतं, गीत कोणाचं, चाल कोणाची. तुझं नाव लिहायला घेतलं होतं. मग वाटलं, आत्याला कुठे यातलं कळतंय. दोन्हीकडे कुंदन देवजी भोईर लिहिलं. आणि खरं सांगतो, ते वाचायला मला आवडलं. मित्रांना दाखवलंसुद्धा.

क्रांतीच्या हळदीला खिशात फोन चालू ठेवला होता, तेही तुला विचारलं नव्हतं. ज्या कंपन्यांना मी रोज लाइव्हवर शिव्या घालतो, तेच मी घरच्या बायांशी केलं.

नाव काढून घेतलं आहे. क्रांतीच्या व्हिडिओला आवाज परत आला, मी स्वतः ऐकला. काल सरस्वतीकाकूंच्या ओट्यावर गेलो होतो. पाचसहा बाया पापड लाटत होत्या. सगळं सांगितलं. आत्याला यातलं काही माहीत नव्हतं, हेही सांगितलं. काकूंनी पाणी दिलं, पण बस म्हणाल्या नाहीत. आत्या, माझ्यापायी रंजिताची हळद मुकी जाऊ नये, एवढंच मागतो.

रागावलीस तरी परकं करू नको.
कुंदन

पावणे,
१७ फेब्रुवारी २०२६

चि. कुंदन यास आत्याचे आशीर्वाद.

तू वरातीच्या दुसऱ्या दिवशी न सांगता गेलास, म्हनून लिहिते. तुज्यासाठी वडे बांधून ठेवले होते, ते शेजारची पोरं खाऊन गेली.

बाया आल्या. सरस्वती सगळ्यांच्या पुढं बसली नि अशी झील धरली की मांडव भरून गेला. पोरींनी फोन वर धरले, त्यांना कुनी अडवलं नाय. तू त्या ओट्यावर गेलास म्हनून हे झालं, ते मी इसरनार नाय.

पन एक गोष्ट माज्या गळ्यात अडकलीय. धवल्यात नवरीच्या मानसांची नावं घ्यायची रीत. देवजीदादाचं घेतलं, तुज्या आयशीचं घेतलं. मग मामाच्या लेकाची पाळी आली. तू खांबाला टेकून मान खाली घालून उभा होतास. मी दम घेतला नि पुढच्या नावावर गेले. बायांनी एकमेकींकडं बघितलं. तू वर बघितलंस, तेबी मी बघितलं. ठरवून नाय केलं रे. तुजं नाव घेताना मना त्या फॉर्मावरचं नाव आठवलं नि जीभच वळली नाय. सासरी जाताना रंजिता रडत बोलली की आये, माज्या भावाला वगळलंस. तुज्या चुकीची लाज मी चार दिवस सोसली, आता माजी मनाच सोसवत नाय.

रविवारी जेवायला ये, देवजीदादाला बी आन. माया होती तेवढीच हाय. पन रंजिता माजी एकुलती एक. माज्या घरात आता दुसरी हळद नाय, कुंदन. तुजं नाव घ्यायचं राहूनच गेलं.

तुजी आत्या,
पुतळा