त्र्याहत्तरावं मिनिट

३ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ६.४०
नवा सीझन, नवी डायरी. संकल्प तीन. रोज लिहायचं. खरं तेच लिहायचं. चहा बिनसाखरेचा.

हेडसरांनी, म्हणजे आमच्या फुटबॉल क्लबच्या मुख्य कोचनी, आजपासून भिंगरीला अधिकृतपणे माझ्या, म्हणजे सहायक कोचच्या, हवाली केलं. वय एकोणीस, जागा राइट बॅक. म्हणजे काम बचावाचं, पण पायाला भिंगरी लावल्यासारखा सारखा पुढे पळतो, म्हणून सगळी टीम त्याला भिंगरीच म्हणते. ३१ ऑगस्टला खेळाडूंची यादी बंद होते. तोवर हेडसरांना पटला तर तीन वर्षांचा करार, नाही पटला तर खालच्या डिव्हिजनमध्ये रवानगी. अठ्ठावीस दिवस आहेत. मला वीस पुरतील.

मी स्वतः अकरा वर्षं राइट बॅक खेळलो. मध्यरेषा फक्त हाफ टाइमला जागा बदलताना ओलांडली. त्यामुळे पुढे जाणाऱ्या फुलबॅकची, म्हणजे कडेच्या बचावपटूची, गरज काय असते, हे माझ्याइतकं कुणाला कळणार?

४ ऑगस्ट, मंगळवार
चहात एक चमचा. एकदम तोडणं शरीराला बरं नाही.

भिंगरीला तासभर समजावलं. हेडसरांची पद्धत अशी: भिंगरी पुढे गेला की मधला एक खेळाडू मागे सरकून त्याच्या जागी उभा राहणार. म्हणजे भिंगरीने मागे वळून बघायचंच नाही, बिनधास्त सुटायचं. भिंगरीने विचारलं, सर, नक्की असेल ना मागे कुणी? मी म्हटलं, ते माझ्यावर सोड. चेहरा असा उजळला त्याचा! पोरांना विश्वास द्यावा लागतो. हे कोर्समध्ये शिकवत नाहीत.

६ ऑगस्ट, गुरुवार
प्रॅक्टिसमध्ये भिंगरीने कडेवरून गोलसमोर सात क्रॉस टाकले, पाच अचूक. फिजिओबाई म्हणाल्या, काय पळतो हो हा. मी फक्त मान डोलावली. मोठेपणा आपण होऊन घ्यायचा नसतो, त्या म्हणाल्याच असत्या तर गोष्ट वेगळी.

'आधुनिक फुलबॅक: घडवण्याचं शास्त्र' अशी एक पुस्तिका डोक्यात आहे. मुखपृष्ठावर भिंगरी पुढे, मी मागे, किंचित धूसर. फार धूसर नको.

८ ऑगस्ट, शनिवार. संध्याकाळी, बसमध्ये
हरलो. २-१. अक्षर हलतंय ते रस्त्यामुळे.

९ ऑगस्ट, रविवार. सकाळी
काल नीट लिहिलं नाही. खरं तेच लिहायचं असं ठरलंय, तर लिहितो.

बदली खेळाडू मैदानात जायच्या आधी त्याला फाइल दाखवणं हे माझं काम. फाइलमध्ये प्रत्येकाची दोन पानं. पहिलं कॉर्नर किकचं: त्यांच्यातल्या कोणाला धरायचं. दुसरं कव्हरचं: भिंगरी पुढे गेला की मागे कोण. सत्तराव्या मिनिटाला म्हाताऱ्याला घालायचं ठरलं. म्हातारा म्हणजे आमचा चौतीस वर्षांचा मिडफिल्डर, तीन आठवडे पोटरी धरून घरी होता. कव्हरची नवी पद्धत त्याने पाहिलेलीच नाही. त्याला पहिलं पान दाखवलं. तेवढ्यात भिंगरीने दोघांना चकवलं, असं चकवलं की मी उभाच राहिलो. फिजिओबाईंना म्हटलंसुद्धा, बघा, हे मी शिकवलंय. (मी शिकवलं नव्हतं.) वळून बघतो तर म्हातारा आत गेलेला.

दुसरं पान उलटायचं राहिलं.

त्र्याहत्तराव्या मिनिटाला भिंगरी पुढे सुटला, मागे न बघता, सांगितल्याबरहुकूम. क्रॉस टाकला, त्यांच्या गोलकीपरने झेलला आणि तडक लांब फेकला. आमची उजवी बाजू ओसाड. त्यांचा पोरगा एकटा चालत आला म्हटलं तरी चालेल. गोल.

  उद्या व्हिडिओ मीटिंग. तिथे सगळ्यांसमोर सांगून टाकणार. ठरलं.

१० ऑगस्ट, सोमवार. दुपारी
हेडसरांनी गोल पाच वेळा दाखवला. पाचव्यांदा थांबवून विचारलं, इथे राइट बॅक कुठे आहे?  पडद्यावर भिंगरी त्या टोकाला, अंगठ्याएवढा. हेडसर म्हणाले, उत्साह ठीक आहे, पण पुढे जाण्याआधी मागे बघायला डोळे दिलेत ना?

सांगणारच होतो. घसाही खाकरला. हेडसरांना वाटलं पाणी हवंय, त्यांनी बाटली पुढे केली. आता एवढं पाणी दिल्यावर कसं बोलणार?

म्हातारा सबंध वेळ माझ्याकडे बघत होता. मी वहीत काहीतरी लिहीत होतो. आत्ता पाहिलं, नऊ वेळा 'बचाव' लिहिलंय.

भिंगरी मान खाली घालून म्हणाला, सॉरी सर, चुकलं. सॉरी तो म्हणाला.

११ ऑगस्ट, मंगळवार
चहात दोन चमचे. मनावर ताण असताना पथ्य पाळू नये.

विचार केला. आत्ता सांगितलं तर हेडसर माझ्यावर चिडतील, फाइल माझ्याकडून काढून घेतील, मग भिंगरीलाही दुसऱ्या कुणाच्या हवाली करतील. म्हणजे नुकसान पोराचंच. त्याच्या भल्यासाठी चार दिवस गप्प बसणं भाग आहे.

१३ ऑगस्ट, गुरुवार. सकाळी ७.१०
बायकोला सांगितलं. म्हणजे एका ओळखीच्या कोचच्या बाबतीत असं घडलं, असं सांगितलं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, अहो, मग सांगून टाका की हेडसरांना. मी म्हटलं, मी नव्हे, तो कोच. ती म्हणाली, हो, त्यालाच म्हणतेय.

पंधरा वर्षांत माझ्या 'ओळखीच्या' एकाही कोचचं नाव तिने विचारलेलं नाही.

१५ ऑगस्ट, शनिवार
भिंगरी बाकावर. शेवटची दहा मिनिटं खेळला. मध्यरेषेपर्यंत आला, थबकला, आमच्या बाकाकडे बघितलं आणि मागे गेला. दोनदा. चेंडू समोर, मोकळं मैदान, आणि हा मागे!

हेडसरांनी विचारलं, याला झालंय काय? मी म्हटलं, शिस्त लागतेय. तोंडातून गेलं. गेल्यावर वाटलं, खोटं कुठे आहे? शिस्त म्हणजे हेच.

१८ ऑगस्ट, मंगळवार. सकाळी
भिंगरीच्या आईचा फोन. माझा नंबर त्यांना कुठून मिळाला कुणास ठाऊक. म्हणाल्या, सर, पोरगा घरी बोलत नाही, जेवत नाही धड, त्याचं फार मोठं चुकलं का हो? मी म्हटलं, छे छे, या वयात चुका व्हायच्याच. म्हणाल्या, तुम्ही आहात म्हणून काळजी नाही, तुमचं नाव सारखं त्याच्या तोंडात असतं.

फोन ठेवला आणि गाडीतच बसून राहिलो. वीस मिनिटं. लाज वाटली. हे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो: रडू आलं. मग वॉर्मअपला उशीर झाला आणि त्यासाठी भिंगरीलाच ओरडलो.

'व्हायच्याच.' काय शब्द सुचला! मेल्या, चूक कुणाची?

उद्या सकाळी नऊला हेडसरांच्या केबिनमध्ये. लेखी मुद्दे काढले आहेत.

१९ ऑगस्ट, बुधवार
नऊला केबिनबाहेर उभा होतो. आत हेडसर फोनवर कुणावर तरी कडाडत होते. अशा वेळी आत जाणं असभ्यपणाचं. साडेनऊला बाहेर आले, म्हणाले, काय काम? मी म्हटलं, कोन कमी पडतायत. प्रॅक्टिसचे ते प्लास्टिकचे कोन. म्हणाले, किती हवेत? मी म्हटलं, वीस.

२१ ऑगस्ट, शुक्रवार
कोन आले. वीस. लावायला जागा नाही.

भिंगरीवर रोज तासभर जादा मेहनत घेतोय. प्रायश्चित्त म्हणा. त्याला मागे उभं राहणं शिकवतो, कारण तेवढंच मला येतं. हे वाक्य खोडावं का? राहू दे. पोरगा मुकाट्याने सगळं ऐकतो. एकदा म्हणाला, सर, काही सांगायचं होतं का तुम्हाला? मी म्हटलं, हो, डावा पाय जरा मागे ठेव.

२४ ऑगस्ट, सोमवार
म्हातारा पार्किंगमध्ये आडवा आला. म्हणाला, सर, आठवडाच राहिलाय. मी विचारलं, कशाला? तो निघून गेला. हल्ली सीनियर खेळाडू फार उर्मट झालेत.

चहात तीन चमचे. मोजणं बंद करतोय.

२९ ऑगस्ट, शनिवार
भिंगरी पूर्ण नव्वद मिनिटं. एक चूक नाही. एक क्रॉसही नाही. अकरा वर्षांपैकी माझ्या कुठल्याही मॅचचा व्हिडिओ लावला तर असाच दिसेल. अभिमान वाटायला हवा होता. वाटला नाही.

३१ ऑगस्ट, सोमवार. दुपारी ३.००
मीटिंग झाली. हेडसर, मी, क्लबचे मॅनेजर. हेडसर म्हणाले, मागे उभे राहणारे मला डझनभर मिळतात. हा पोरगा मी घेतला तो पुढे जातो म्हणून. तेच गेलं याचं. मग माझ्याकडे वळून विचारलं, तुमचं मत? काही कारण आहे का, जे मला माहीत नाही?

इतकं थेट. जणू ताटात वाढून समोर ठेवलं. मुद्द्यांचा कागद खिशात होता. मी म्हटलं, मुलगा गुणी आहे. हेडसर थांबले, पुढचं ऐकायला. मी पुन्हा म्हटलं, फार गुणी आहे.

मॅनेजरने रवानगीचा कागद पुढे ओढला.

सायंकाळी ५.३०
सही झाली. भिंगरी खालच्या डिव्हिजनला. आता सांगायला हरकत नाही. किंबहुना हीच योग्य वेळ. आधी सांगितलं असतं तर त्याचं खेळावरचं लक्ष उडालं असतं. उद्या सकाळी तो बूट न्यायला येईल, तेव्हा अगदी मन मोकळं करून सांगणार. तो आधी भडकेल. मग हळूहळू समजून घेईल. कदाचित मिठी वगैरे मारेल. रुमाल धुतलेला न्यायचा.

१ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी ९.४५
बूट ठेवायच्या खोलीत फक्त आम्ही दोघं. तो वाकून बूट पिशवीत भरत होता. मी सगळं सांगितलं. फाइल, पहिलं पान, दुसरं पान, फिजिओबाईंना काय म्हटलं तेही. मुद्द्यांच्या कागदाबाहेरचंही सांगितलं.  म्हटलं, तुझी काही चूक नव्हती रे, माझीच होती.

तो भडकला नाही. पिशवीची चेन लावली. म्हणाला, माहीत आहे, सर.

त्या हरलेल्या मॅचनंतर बसमध्येच म्हाताऱ्याने त्याला सांगितलं होतं म्हणे, मला दुसरं पान दाखवलंच नाही. म्हातारा तेव्हाच उठून हेडसरांकडे निघाला होता. यानेच त्याचा हात धरून बसवलं. म्हणाला, थांब, सर स्वतः सांगतील.

 तिथल्या बाकावर बसलो. विचारलं, मग व्हिडिओ मीटिंगमध्ये सॉरी का म्हणालास? म्हणाला, तुम्हाला बोलायला सोपं जावं म्हणून. मला वाटलं, मी चूक घेतली की तुम्ही लगेच म्हणाल, नाही, याची नाही.

आणि मग तो पुढे जायचा का थांबला? मी शिकवलं म्हणून? त्याने नकारार्थी मान हलवली. म्हणाला, पुढे सुटायच्या आधी मी एकदा बाकाकडे बघायचो, सर. तुम्ही दिसलात की पाय उचलायचाच नाही. रोज वाटायचं, आज सांगतील. सांगितलं असतंत ना, तर दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सुटलो असतो.

 रुमाल खिशातच राहिला. मिठी कुठली, त्याने हात पुढे केला, मी धरला, आणि सोडवेना म्हणून त्यानेच सोडवला. निदान जाताना एक तरी कोचसारखं वाक्य बोलावं म्हणून म्हटलं, तिथे बिनधास्त पुढे जा रे, मागे बघू नकोस.

दारात थांबला. म्हणाला, तिथले सर कसे आहेत ते आधी बघतो.