आठवीच्या वर्गाचे गाऱ्हाणे

१८ नोव्हेंबर १९५७

या गावाविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे, आणि ती सर्वप्रथम नोंदवून ठेवणे मी माझे कर्तव्य समजतो: येथील खडू ओले असतात. शाळा खाडीच्या काठावर, देवस्थानाच्या जुन्या धर्मशाळेत. खारा वारा आत येतो तो थेट खडूच्या पेटीत मुक्काम ठोकतो. आज फळ्यावर स्वतःचे नाव लिहायला गेलो तर नुसता ओरखडा उमटला. सूत्रे रचणारे आमचे प्राचीन आचार्य या शाळेवर असते, तर त्यांनी ती सूत्रे आणखी आखूड केली असती.

एरवी मी खुशीत आहे. सांगलीहून निघून, घाट उतरून, शेवटी होडीत बसून आम्ही दोघे परवा येथे पोचलो: मी आणि माझी मुलगी मथुरा. घर लहान पण उजेडाचे. दारात दोन माड, मागे विहीर. बोलावले होते संस्कृत शिकवायला. आल्यावर हेडमास्तरांनी नम्रपणे कळवले की इंग्रजीचे मास्तर मुंबईला कारकुनीवर गेले, तेव्हा आठवीचे इंग्रजी तूर्त मीच घ्यावे. पाठशाळेत आयुष्य गेलेल्या माणसाला ही शिक्षा कोणत्या जन्मीची, ते पाहावे लागेल.

मथुराही त्याच आठवीत बसणार. तिची आई गेल्यापासून घरात बोलणारे एकच माणूस उरले आहे, आणि ते दोघांचे बोलते. उठल्यापासून निजेपर्यंत अखंड. म्हणून मी तिला मैना म्हणतो. होडीत तिने नावाड्याला इतके प्रश्न विचारले की तो वल्हवायचा थांबला. खडूवर उपायही तिनेच काढला: चुलीशेजारच्या उबदार वैलावर रात्री पेटी ठेवायची, सकाळी खडू खडखडीत. माझ्या पदवीचा या घरात कोणाला काही उपयोग दिसत नाही.

२१ नोव्हेंबर

वर्गाचे नियम आज फळ्यावर (वाळवलेल्या खडूने) लिहिले. मी आत येताच सर्वांनी उभे राहावे. बोलण्याआधी हात वर करावा. उत्तर पूर्ण वाक्यात द्यावे. सूचना कळली की सर्वांनी एका सुरात 'येस सर' म्हणावे. आणि वर्गाच्या उंबऱ्याच्या आत इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलू नये.

पहिले चार नियम पोरांनी आनंदाने पाळले. 'येस सर' तर अशा काही जोरात म्हणतात की माडावरचे कावळे उठतात. पण पाचवा? लवू नावाचा एक दाताडा मुलगा पुढच्या बाकावर बसतो. नाव विचारले. उभा राहून म्हणाला, माय नेम इज लवू, पण आवस माका बाबलो म्हणता. आईचे लाडके नाव ऐकून वर्ग फुटला. मीही हसलो, आणि तेथेच शिस्त बुडाली.

खिडकीबाहेर हाताच्या अंतरावर एक जांभा दगड उभा आहे, शेंदूर नाही, काही नाही, पायाशी नारळाच्या करवंट्या. तो या जागेचा राखणदार, असे मथुरेने चौकशी करून सांगितले. शाळेच्या आधीपासून तो तेथे आहे. मी म्हटले, मग हजेरीपटावर त्याचे नाव पहिले हवे.

२६ नोव्हेंबर

देवळाची जत्रा. गावातर्फे गाऱ्हाणे घालण्याचा मान भिकाजी गावकरांचा. ते आमच्या शाळासमितीवरही आहेत. देवापुढे उभे राहून ते एकेक मागणे बोलतात आणि जमलेला सारा गाव प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा!' म्हणतो. अंगावर काटा आला, हे प्रामाणिकपणे लिहितो.

पण लांबी! काय मागायचे, कोणासाठी, काय द्यायचे, चूक झाली तर काय समजून घ्यायचे, घेतले तर परत कधी द्यायचे: वकिलाच्या दस्तातही इतकी कलमे नसतात. मी शेजारच्याला म्हटले की देव एवढा बुद्धीने कमी नसावा. तो हसला नाही.

परत येताना एक कल्पना सुचली आणि रस्ताभर एकटाच हसत आलो.

२७ नोव्हेंबर

आज वर्गात गाऱ्हाणे घातले. राखणदाराच्या खिडकीकडे तोंड करून, हातात नारळाऐवजी डस्टर, गावकरांचा सूर लावून, मोडक्या मालवणीत.

म्हटले, बा राखणदारा म्हाराजा, ही आठवीची सभा तुझ्या पायाकडे उभी आसा. पोरे खदखदत ओरडली, येस सर! म्हटले, ह्येंका इंग्लिश येवंदे. येस सर! आणि जो कोण ह्या उंबऱ्याच्या आत दुसरी भास बोलात, त्याची ती भास तू तुझ्याकडे ठेवन घे. येस सर!

तिसऱ्या वेळी कोणी हसत नव्हते. का ते कळले नाही. मथुरा तेवढी घरी आल्यावर म्हणाली, अण्णा, परत कधी द्यायची ते सांगायचं राहिलं की हो. मी म्हटले, मैने, तू पुढे वकील होशील.

३० नोव्हेंबर

विजय! पाचवा नियम पाळला जात आहे. लवू तर संपूर्ण सुधारला. पूर्वी पाठ चालू असता तो शेजाऱ्याच्या कानात मालवणीत कुजबुजे. आता काही विचारले की उभा राहतो आणि शिकवलेले वाक्य जसेच्या तसे म्हणतो. हेडमास्तर वर्गाबाहेर थांबून ऐकत होते. म्हणाले, शास्त्रीबुवा, जादू केलीत.

एकच विचित्र. वर्ग इतका शांत असतो, तरी कुठून तरी पोरांची किलबिल ऐकू येते. बाहेर पाहिले. कोणी नव्हते.

४ डिसेंबर

लवूची आई शेवंती आली होती. बाजारात भाजी विकते. टोपली ओसरीवर ठेवली आणि उभ्या उभ्याच विचारले, मास्तरानू, माझ्या झिलाक काय केल्यात? तो माका आये म्हणणा नाय. जेवक वाढू काय इचारलंय, तर म्हणता धिस इज अ पेन.

मी तिला चिडवले. म्हटले, घरात इंग्रजी बोलणारा मुलगा मिळावा म्हणून लोक नवस करतात, तुला फुकट मिळाला. ती माझ्याकडे बघत राहिली. मग टोपली उचलली आणि जाता जाता म्हणाली की पोराला रात्री ताप होता, आणि तापात माणूस आपल्या आईलाच हाक मारतो ना?

तो तापात काय म्हणत होता, ते मी विचारले नाही.

६ डिसेंबर

लवूच्या घरी जाऊन आलो. अंगणात बसला होता. आई बोलली की तिच्या ओठांकडे बघतो, जसे आपण परमुलखातल्या पाखराकडे बघतो. बोलता येत नाही एवढेच नाही, कळतही नाही. मला पाहून ताडकन उभा राहिला. गुड मॉर्निंग सर. संध्याकाळ होती. डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि तोंड म्हणत होते, द कॅट इज ऑन द मॅट. द कॅट इज ऑन द मॅट. रडायला त्याच्याजवळ दुसरे वाक्यच नाही. मी शिकवलेले नाही.

वर्गातल्या सुगंधाचेही तसेच. परशुरामाचेही. ज्यांनी ज्यांनी वर्गात एखादा शब्द बोलून टाकला, ते सारे. सकाळी उठले ते असेच.

७ डिसेंबर

आज किलबिल कुठून येते ते कळले. दगडातून. कान लावला. लवूचा आवाज, हसरा: आवस माका बाबलो म्हणता, आवस माका बाबलो म्हणता.

मथुरेला शाळा बंद.

९ डिसेंबर

भिकाजी गावकरांकडे गेलो. सारे सांगितले, डस्टरसकट. ते रागावतील असे वाटले होते. रागावले नाहीत, त्याचीच भीती वाटली. माझे शब्द त्यांनी पुन्हा पुन्हा म्हणायला लावले आणि शेवटी विचारले, आणि परत कधी देवची ता? मी मान खाली घातली. ते म्हणाले, तेका ठेवक सांगल्यात, तो ठेवता. तेचो काय दोष?

उपाय एकच. ज्याने घातले त्यानेच, त्याच जागी, त्याच सभेसमोर दुसरे गाऱ्हाणे घालून परत मागायचे. सभेने समजून, आपल्या बोलीत 'व्हय म्हाराजा' म्हणायला हवे; न कळता म्हटलेले 'येस सर' चालणार नाही. सभेवाचून एकट्याचे मागणे हे गाऱ्हाणेच नव्हे.

म्हणजे मला वर्गात मालवणी बोलावी लागणार, आणि मग माझीही वाचा जाणार. गावकरांनी ते मला सांगितले नाही. मलाही ते कळलेले त्यांना दिसले.

११ डिसेंबर

आज —

क्रमाने लिहितो. या वेळी नारळ होता. गावकर उंबऱ्याबाहेर उभे राहून एकेक कलम सांगत होते, मी आत म्हणत होतो. काही सोडले नाही. चूक माझी, पोरांची नाही. घेतलेले ज्याचे त्याला आज सूर्य मावळायच्या आत परत दे. एवढे बोलून थांबलो.

ज्यांची वाचा शाबूत, ते तोंड घट्ट मिटून बसले. त्यांना दोष कसा देऊ? मग ज्यांची गेली होती ते उभे राहिले आणि एका सुरात म्हणाले, येस सर.

पुन्हा म्हटले. येस सर. हात जोडले. पोरांनो, तेवढे दोन शब्द. येस सर.

तेव्हा ती आत आली. घरी कोंडून आलो होतो. मागल्या दाराने निघाली असेल. गावकरांच्या हाताखालून धावत आली, माझ्या शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, अण्णा, कोणी म्हणत नाही तर मी म्हणते. आणि खिडकीकडे बघून, एकटी, सारा जोर लावून — व्हय म्हाराजा.

एकटीचा आवाज. सभा नव्हे.

गावकरांनी डोळे मिटून घेतले.

१२ डिसेंबर

सकाळी चुलीजवळ बसली होती. खडू काढून पेटीत भरत होती. मी म्हटले, मैने. तिने वर पाहिले नाही. दुसऱ्यांदा म्हटले. मग खांद्याला हात लावला. उठून उभी राहिली, हात बाजूला ताठ.

येस सर.

घरात आवाज नाही. एवढे शांत घर मी कधी —

१४ डिसेंबर

माझेही निघाले. पोरांचे एका रात्रीत गेले. इंग्रजीखेरीज सारे जाणार; माझा साठा मोठा, त्याला वेळ लागतो आहे. संस्कृत आधी. संध्येला बसलो, आचमन केले, पुढे काही नाही. पाणी हातात तसेच. सबंध जन्म ज्यावर — पुढचे पान कोरे असावे तसे.

गावकर आले होते. बोलले. निम्मे कळले. पुढल्या जत्रेला सारा गाव उभा करीन, असे काही. पुढली जत्रा म्हणजे वर्ष.

१५ डिसेंबर

तिच्याशी इंग्रजीत बोलून पाहिले. मला येते, तिला येत नाही. तिला येते ते मीच शिकवलेले: पेन, मांजर, चटई, खिडकी उघडा, खिडकी लावा. भूक लागली का, हे नाही. भिऊ नकोस, हे नाही. मी शिकवलेच नाही. नियम आधी शिकवले.

दिवसभर मला खिडकी दाखवत होती. ओपन द विंडो. ओपन द विंडो. उघडली. तरी तेच. काय हवे होते तिला —

१६ डिसेंबर

चुलीवर ते — पांढरे, बोटाएवढे, फळ्यावर ओढायचे — ती रोज ठेवते. वाळवते. त्यांना काय म्हणत —

दगडाकडे गेलो. तिचा आवाज. बडबड, बडबड, अखंड. हसते आहे. नावाड्याला विचारते आहे. बसून राहिलो. निम्मे कळत नव्हते. तरी बसलो.

मग दुसरा आवाज. पुरुषाचा. माझा. तिला हाक मारत होता, एकच शब्द, पुन्हा पुन्हा. स्पष्ट ऐकला. कळला नाही.

१७

लवकर लिहितो. अक्षरे — हात विसरतो.

खरे सांगतो आता. शास्त्र गेले, जाऊ दे. श्लोक जाऊ देत. नोकरीही. काळजी एकच आहे. ती लहानपणापासून एका हाकेला वळत असे. आई गेली त्या दिवशी कोपऱ्यात बसली होती, कोणाकडे येईना; मी त्या नावाने हाक मारली, आली. दुसरे कोणी तिला तसे म्हणत नाही. मी विसरलो तर जगात तिला तसे म्हणणारे —

पाखराचे नाव होते. काळे. पिवळी चोच. बोलते ते.

ती दारात उभी आहे. हात ताठ. वाट बघते आहे. मी हाक मारली की येईल. ते नाव

ते