माझी नडगी आणि सुराची जागा

महाल, नागपूर
बुधवार, ता. २ जानेवारी १९७४

तीर्थस्वरूप रुपराव भाऊजींच्या चरणी धाकटा मेहुणा चंद्रभान याचा साष्टांग नमस्कार. या आठ अंगांपैकी एक अंग, म्हणजे उजवा पाय, मध्यंतरी दीड महिना गैरहजर होता. तो आता रुजू झाला आहे, ही आनंदाची बातमी आधीच देऊन टाकतो, म्हणजे पुढचं पत्र वाचताना आपण काळजी करत बसणार नाही. आपली तब्येत कशी आहे? तुरीला शेंगा कशा धरल्या? मनकर्णाताईचा खोकला गेला का? (नसल्यास तिला माझ्याप्रमाणे लोकांचे सल्ले ऐकू नको म्हणावं.) इकडे सौ. उत्तरा खुशाल आहे. हे पत्र तिच्याच हाती टपालात टाकायला देणार आहे, कारण मला अजून उंबरा ओलांडू देत नाहीत. 'देत नाहीत' म्हणालो, 'येत नाही' म्हणालो नाही, हे कृपया ध्यानात घ्यावं.

तर झालं असं. गेल्या संक्रांतीनंतरच्या रविवारी आपल्या उमरेडच्या संघानं आमच्या ऑफिसच्या संघाला आट्यापाट्यांत जी धूळ चारली, ती मी वर्षभर विसरलो नव्हतो. चौदा वर्षं मी आमच्या संघाचा सूर आहे. (ताई हे पत्र मोठ्यानं वाचायला लावणार म्हणून तिच्यासाठी सांगतो. मैदानावर आडव्या पाट्या आखलेल्या असतात, एकेका पाटीवर एकेक गडी उभा असतो आणि समोरच्यांना त्यांच्या हातून निसटून पार जायचं असतं. मधून जी उभी लांब पाटी जाते, तिच्यात वरपासून खालपर्यंत पळणारा गडी म्हणजे सूर. बाकीचे आडवे हलतात, सूर सगळीकडे पळतो.) यंदा आपल्या पोरांना हुलकावणी देऊ द्यायची नाही, असं ठरवून मी दिवाळीच्या दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी शुक्रवार तलावाला तीन चकरा पळू लागलो, आणि संध्याकाळी ऑफिसमागच्या मुरमाच्या मैदानावर दोन तास. ज्या माणसानं आदल्या दहा महिन्यांत फक्त बसमागे धावण्याचा व्यायाम केला, त्यानं एकदम इतकं पळू नये, हे मला कोणी सांगितलं नाही. (उत्तरा म्हणते तिनं सांगितलं होतं. तेव्हा मी बहुधा तलावावर असेन.) बूट मात्र इतवारीतून नवे घेतले होते, कॅनव्हासचे. त्यांचा तळ इतका पातळ की खालचा खडा कोणत्या रंगाचा आहे तेसुद्धा पायाला कळावं.

आठव्या दिवशी उजव्या नडगीत, हाडाच्या आतल्या कडेला, बारीक कळ सुरू झाली. पळताना ती पहिल्या चकरेला यायची आणि दुसऱ्या चकरेला जायची, म्हणून मी तिला भ्यायलो नाही, उलट तिसरी चकर वाढवून चौथी केली. मग ती दुसऱ्या चकरेलाही जाईना. मग खुर्चीत बसल्यावरही राहिली. मग एक दिवस ऑफिसचा जिना मी रेलिंगला धरून उलटा उतरलो, तेव्हा आमचे हेडक्लार्क बाबाराव खालून बघत होते. हा मनुष्य माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, त्रेचाळीस पूर्ण, आणि आमच्या संघात राखीव गडी. त्यांनी तेव्हा फारच आपुलकीनं विचारपूस केली, आणि मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

उपचारांचं काय सांगू? आपल्याकडे पोटात दुखलं तर माणूस लपवू शकतो, पण लंगडणं लपत नाही, आणि लंगडणाऱ्या माणसाला रस्त्यात थांबवणं हा नागपूरकरांना जन्मसिद्ध हक्क वाटतो. रुईची पानं तव्यावर शेकून बांधली, आंबेहळदीचा लेप लावला, कोणी सांगितलं म्हणून दोन दिवस अनवाणी चाललो, दुसऱ्या कोणी सांगितलं म्हणून दोन दिवस मोजे घालून झोपलो. शेवटी शेजारच्या रंभाबाईंनी तालमीतल्या भैयाजी पैलवानांना बोलावून आणलं. भैयाजींनी माझी पोटरी मांडीवर घेतली, नडगीच्या हाडावर नेमका अंगठा ठेवला आणि मोहाच्या तेलानं वरून खाली असा रेटा दिला, की मला माझे दिवंगत आजोबा दाराशी उभे दिसले. "नस चढून राहिली गा," ते म्हणाले, "आता उतरवतो." दहा मिनिटांनी त्यांनी विचारलं, "उतरली का?" मी तत्काळ उतरली म्हणालो. (आपणही म्हणाला असता.) दुसऱ्या दिवशी पाय दुप्पट सुजला, तर रंभाबाई म्हणाल्या, पुन्हा चढली असेल, आणि पुन्हा त्यांना घेऊन आल्या. असं चार दिवस चाललं.

तेव्हा उत्तरा चिडली आणि अठरा डिसेंबरला मला रिक्षात घालून सीताबर्डीवर हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी नडगीवर बोट फिरवलं, बुटांचा तळ वाकवून पाहिला, मुरमाचं मैदान आणि तलावाच्या चकरा ऐकून घेतल्या आणि म्हणाले की हाड शाबूत आहे, पण हाडावरचं पातळ आवरण आणि त्याला धरलेले स्नायू सुजले आहेत. चोळणं एकदम बंद. पळणं सहा आठवडे बंद. दिवसातून तीनदा बर्फानं शेकायचं, पाय उंच ठेवायचा, नंतर हळूहळू चालणं, पायरीवर टाचा उचलणं, आणि बूट दुसरे. मी विचारलं, म्हणजे वीस जानेवारीला सामना खेळता येईल ना? डॉक्टरांनी उत्तराकडे पाहिलं, उत्तरानं छताकडे पाहिलं. एक गोळी त्यांनी तिथंच घ्यायला लावली.

येताना मी इतवारीतल्या बर्फाच्या वखारीवर उतरलो. ऐन थंडीत बर्फ कोण नेतो? वखारवाला म्हणाला, सुटा देत नाही, पूर्ण लादी घ्या, हातगाडीनं घरी पोचवतो. मी म्हणालो, बरंच झालं, दोन दिवस तरी टिकली पाहिजे. तेव्हा त्यानं टोपी काढली आणि लादीवर भुसा जरा जास्तच घातला, याचा अर्थ मला लागला नाही. भाऊजी, आमच्या गल्लीत उन्हाळ्यात बर्फ येतो तो सरबतासाठी. हिवाळ्यात मात्र लादी एकाच कारणासाठी येते, बाहेरगावची मंडळी पोचेपर्यंत घरातलं गेलेलं माणूस ठेवायचं असतं म्हणून. हे मला लहानपणापासून माहीत होतं. नेमकं त्या दिवशी आठवलं नाही.

मी घरी येऊन खालच्या खोलीत, खिडकीशी, पाय दोन उशांवर ठेवून आणि थंडीमुळे डोक्यावरून शाल घेऊन पडलो आणि गोळीच्या गुंगीत झोपलो. उत्तरा चौकातल्या नळावर पाण्याला गेली. तेवढ्यात लादी दाराशी आली. गाडीवाल्यानं रंभाबाईंना विचारलं, ही कुठं ठेवू? रंभाबाईंनी खिडकीतून डोकावून शाल पाहिली आणि जो हंबरडा फोडला, तो थेट चौकापर्यंत गेला. मला जाग आली तेव्हा अंगणात वीस-पंचवीस माणसं उभी होती. ऑफिसच्या चपराश्याचं घर गल्लीतच असल्यानं ऑफिसची मंडळीही पोचली होती. मी हलणार, तोच खिडकीखाली बाबारावांचा आवाज आला. "मानूस सोन्यासारखा गेला गा," ते म्हणत होते, आणि मला इतकं बरं वाटलं की आणखी काय म्हणतात ते ऐकावं म्हणून मी तसाच पडून राहिलो. हीच माझी चूक.

कारण पुढचं वाक्य असं होतं: "पन वीस तारखेले सूर कोन खेळन?" कोणी म्हणालं, तुम्हीच खेळा. बाबाराव नाही म्हणाले, मग आणखी एकदा नाही म्हणाले, मग म्हणाले की चंद्रभानच्या आत्म्याले शांती भेटत असन तर आपली काही ना नाही. सात जण हजर होते, सातांनी माना हलवल्या. मी शाल फेकून उठलो आणि खिडकीतून ओरडलो, "अजून जित्ता आहो मी!" दोघं पळाले. रंभाबाई, खरं सांगतो, जरा नाराजच दिसल्या. उत्तरा गर्दीतून वाट काढत आली, घागर कुठं टाकली तिलाच ठाऊक नाही. तिनं आधी माझ्या छातीला हात लावून पाहिला आणि मग पाठीत दोन धपाटे घातले आणि रडायला लागली. असं रडताना मी तिला तिच्या पाठवणीलाही पाहिलं नव्हतं. रंभाबाई तिला म्हणाल्या, "आता काहून रडून राहिली वं, जित्ता आहे ना!" पण ती थांबेना. मलाही थांबवावंसं वाटेना.

दुसऱ्या दिवशी बाबाराव संत्री घेऊन आले. मी म्हणालो, झालं गेलं विसरू, सूर मीच खेळणार. ते गंभीर झाले. भाऊजी, आमचं ऑफिस कसं चालतं ते आपणास ठाऊक आहे. ठराव माणूस गेला म्हणून झाला हे खरं, पण ठरावात तसं लिहिलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. सात जण हजर होते, गणसंख्या पुरी होती, यादी टाइप होऊन आपल्याकडे उमरेडला रवानासुद्धा झाली आहे. भाऊजी, मी हे हसण्यावारी नेतो आहे, पण त्या दिवशी मला खरंच फार वाईट वाटलं. ऑफिसात माझ्यासारखे चाळीस कारकून आहेत. माझी म्हणावी अशी जागा मला आयुष्यात एकच मिळाली, त्या मधल्या पाटीतली, आणि ती भरायला त्यांना अर्धा तासही लागला नाही. आणि भरली ती माझ्याहून मोठ्या माणसानं, म्हणजे वयाचं कारणही सांगायला उरलं नाही.

असो. बर्फानं मात्र गुण आला. तीन आठवड्यांपूर्वी बोट लावू देत नव्हतो, आता दाबलं तरी ओरडत नाही. पायरीवर टाचा उचलतो, घरातल्या घरात फेऱ्या घालतो, डॉक्टरांचे सहा आठवडे तर केव्हाच पूर्ण झाले. मनकर्णाताईला नमस्कार. पत्रोत्तराची वाट खिडकीशीच बसून पाहतो आहे.

आपला आज्ञाधारक,
चंद्रभान

ता. क. : एक किरकोळ गोष्ट राहिली. स्पर्धेच्या नियमात आहे की विरुद्ध संघानं लेखी हरकत घेतली तर यादी बदलावी लागते. आपण उमरेड संघाचे प्रमुख आहात. तेव्हा यादीत चंद्रभानचं नाव नाही, तो सूर नसेल तर उमरेड संघ मैदानात उतरणार नाही, अशा दोन ओळी बाबारावांच्या नावे लिहून पाठवाव्यात. शिक्का असल्यास मारावा.

ता. क. दुसरा : हे मी सांगितलं असं कोणाला, विशेषतः ताईला, कळू देऊ नये.

ती. भाऊजींना उत्तराचा नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून वाचलं. सहा आठवडे अठरा डिसेंबरपासून मोजायचे असतात, हे ते पहिली कळ आली तेव्हापासून मोजतात. जानेवारीअखेरपर्यंत पळणं नाही. म्हणून सामना फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी न्या, कारण तुम्हाला सुचेल ते द्या. पण हरकतीचं पत्र मात्र नक्की पाठवा. पंधरा दिवस झाले, ते भिंतीकडे तोंड करून जेवतात, मला बघवत नाही. समोरचा संघ ज्या गड्याला हट्टानं मागून घेतो, तो गडी कसा असतो, हे बाबाराव वाचताक्षणी ओळखतील आणि ते पत्र ऑफिसभर दाखवून हसायला मिळेल म्हणून आनंदानं यादी बदलतील. यांच्या ते ध्यानात आलेलं नाही. कृपा करून येऊ देऊ नका.