हिमानीची पीएचडी आणि माझी आपत्ती

९ फेब्रुवारी, दुपार
ही डायरी मुलाने, सुधाकरने, दिवाळीला दिली होती. लिहायला आज बसलो. उशिराबद्दल माफी असावी. माफी कोणाची मागतो आहे ते माहीत नाही, पण सुरुवात व्यवस्थित पाहिजे.
कारण तसेच घडले. नात हिमानी एम.ए. झाली आणि आता म्हणते पीएचडी करणार. अजून पाच वर्षे. तुरुंगातून माणसे त्याच्या आधी सुटतात. विषय काय, तर पांढुर्णा-सौसरची मराठी बोली. म्हणजे मी चौकात रोज जे बोलतो तेच ही पाच वर्षे लिहिणार.
निश्चय: ही पीएचडी होऊ द्यायची नाही. मार्चच्या आत विषय बंद. मी जिनिंगमध्ये एकतीस वर्षे काट्यावर होतो. भल्याभल्यांच्या कापसाच्या गाड्या परत पाठवल्या. ही तर घरची पोरगी.

१० फेब्रुवारी
वत्सलाला निश्चय सांगितला. बायको म्हणून सांगावा लागतो. म्हणाली, तुमाले काय तरास होऊन राहिला जी? मी म्हटले, पोरीचे वय वाढून राहिले. ती म्हणाली, वय तिचं वाढून राहिलं, मंग चिडचिड तुमची काहून वाढून राहिली?
मी चौकात निघून गेलो.
हिमानीची आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती. बाप सुधाकर रेल्वेत, इटारसीला. वाढवली मी. प्रत्येक फॉर्मवर पालक म्हणून सही माझी. सही माझी म्हणजे चावी माझी.

१६ फेब्रुवारी, रविवार
सौसरहून पाहुणे बोलावले. मुलगा वैभव, कंपनीत इंजिनिअर. सोबत त्याची आजी देवकाबाई. हिमानीने पोह्यांच्या आधी मोबाईल समोर ठेवला आणि रेकॉर्डिंग चालू केले. आजी, लहानपणी याले काय म्हणत होत्या, त्याले काय म्हणत होत्या. देवकाबाई दीड तास बोलली. पोहे थंड. निघताना हिमानीच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, शिक वं पोरी, शिक, आमचा वैभव थांबते. वैभव मान हलवत होता. त्याला कोणी विचारले?
फसले असे म्हणता येणार नाही. सोयरीक जवळपास जुळली आहे, फक्त पाच वर्षे पुढे गेली आहे.

२४ फेब्रुवारी
चौकातला माझा दोस्त चिंधू गावभर सांगत फिरतो की शालिकरामची नात डॉक्टर होणार. त्याला नीट समजावले की ही सुई टोचणारी डॉक्टर नव्हे. म्हणाला, मंग तुया दुखत्या गुडघ्याले काय फायदा गा?
माणूस मूर्ख आहे. आजपासून बोलणे बंद.

५ मार्च, सकाळी ११
आता थेट मुळावर. हिमानीच्या गाईड प्रतिभा मॅडम यांना फोन लावला. विद्यापीठ बसने तीन तासांवर आहे, नाहीतर तोंडावर बोललो असतो. कागदावर नऊ कडक मुद्दे लिहून घेतले होते. मॅडम हिंदी बोलतात. मला हिंदी कोणी शिकवू नये, बाजारात आयुष्य गेले. पहिला मुद्दा टाकला: मॅडम, लडकी सुन नहीं राहिली. त्या म्हणाल्या, रुकिए दादाजी, फिर से कहिए. पुन्हा म्हटले. त्यांनी लिहून घेतले. मग विचारले, उलथण्याला घरी काय म्हणता? म्हटले सराटा. तेही लिहून घेतले. असे पाऊण तास चालले. मुद्दे दोन ते नऊ राहून गेले. शेवटी म्हणाल्या, आप तो इस शोध के मुख्य सूचक हैं.
सूचक!
सोसायटीच्या सभेत ठराव मांडतो तो सूचक. त्याला दुजोरा देतो तो अनुमोदक. म्हणजे ही पीएचडी मी मांडली आहे. इतके दिवस मला कोणी सांगितलेच नाही.

६ मार्च
नवा निश्चय: पीएचडी झालीच पाहिजे. विरोध असा कधी नव्हताच, मी पारखून पाहत होतो. शिवाय तीन तास म्हणजे काय? शनिवारी येईल, सोमवारी जाईल.
हिमानी म्हणाली, आबाजी, सूचक म्हणजे ज्याच्यापासून शब्द गोळा करतात तो. तिने सोसायटीची सभा पाहिलेली नाही.

१९ मार्च
गारपीट. संत्र्याचा आंबिया बहार झडला. गोठ्याचा पत्रा शेजारच्या अंगणात. तो आणायला गेलो तर गुडघा फिरला. शेजारी नुसता पाहत होता.

२२ मार्च
हिमानी रामाकोन्याला म्हाताऱ्यांचे रेकॉर्डिंग करायला गेली. जाताना पीएचडीच्या प्रवेशाचा फॉर्म दिला. बजावले, खाली सही करा, शेवटच्या रकान्यात ‘नहीं’ लिहा, स्पीड पोस्टाने पाठवा, बाकी कायी लिहू नका.
रकाना वाचला. “अभिभावक को कोई आपत्ति है? यदि हाँ, तो विवरण दें।” अभिभावक म्हणजे पालक, म्हणजे मी. खाली चार ओळी कोऱ्या.
म्हणजे आपत्ती आहे काय असे सरकार आपण होऊन विचारते, वर तपशील द्या म्हणते, आणि ही म्हणते नाही लिहा! शिकलेल्यांना मागता येत नाही. ‘नाही’ लिहायला कोणी चार ओळी सोडत नसते. गारा पडल्या, पत्रा उडाला, गुडघा गेला, याला आपत्ती नाही म्हणायचे तर कशाला म्हणायचे? वाचून त्यांना दया येईल. सीट पक्की.
लिहिले: “हाँ। बहुत आपत्ति है। दादा को गुडघे की है, दादी को मोतियाबिंद की है। इस महीने ओले से और बढ़ गई। शासन तुरंत ध्यान दे।” बरोबर चार ओळींत बसले. अक्षरही चांगले आले. पोस्टात स्वतः गेलो, लंगडत.

१२ एप्रिल
सीट गेली.
विद्यापीठातून फोन आला. अभिभावकाची आपत्ति नोंदलेली आहे, म्हणून फाईल बाजूला ठेवली होती. तारीख निघून गेली. जागा वेटिंगवाल्या मुलाला. फॉर्मचा फोटोही पाठवला. हिमानीने तो मला वाचून दाखवला, चारही ओळी, मोठ्याने. मग हळू म्हणाली, आबाजी, हिंदीत आपत्ति म्हणजे हरकत.
मी म्हटले, मराठीत संकट. म्हणाली, मले माहीत आहे, हेच तं शिकायला चालली होती मी.
चूक कोणाची याचा दुपारभर विचार केला. फॉर्म छापणाऱ्याची.

१३ एप्रिल
मी मदत करत होतो हे सगळ्यांना सांगितले. वत्सला म्हणाली, फेब्रुवारीत तुमीच म्हटलं का होऊ देणार नाही, आता तुमच्यावर कोण इश्वास ठेवन? पुरावा म्हणून ही डायरी काढली. ६ मार्चचे पान स्पष्ट आहे. पण ते दाखवायचे तर आधी ९ फेब्रुवारीचे पान उलटावे लागते.
डायरी परत ट्रंकेत.

२० एप्रिल
मॅडमना फोन केला. म्हटले, आपत्ति वापस लेता हूँ. त्या म्हणाल्या, अब देर हो गई, दादाजी. या वेळी एकही शब्द लिहून घेतला नाही.

६ मे
चिंधूशी बोलणे सुरू केले. दुसरे कोणी बोलत नाही.

१ जुलै
हिमानीला सीट मिळाली. दक्षिणेत. गाडीने सव्वीस तास. फॉर्म मोबाईलवरच भरला. मी चष्मा पुसून पेन घेऊन बसलो होतो. विचारले, सही कुठे करू? म्हणाली, तिथं पालकाले कोणी विचारत नाही. फॉर्म वरपासून खालपर्यंत सरकवून दाखवला. आईच्या नावाला जागा आहे, जातीला आहे, रक्तगटाला आहे. आजोबासाठी रकाना नाही.
तीन तासांवर दर शनिवारी आली असती. आता दिवाळीला येईल, रिझर्व्हेशन मिळाले तर.
विद्यापीठ भिकार असणार.

२१ जुलै, सकाळ
गाडी पांढुर्ण्याला दोन मिनिटे थांबते. पहिले मिनिट डबा शोधण्यात गेले. दुसऱ्यात ती पाया पडली आणि म्हणाली, गुडघ्याले तेल लावत जा. मी म्हणालो, खिडकीतून हात बाहेर काढू नको. खिडकी काचेची, बंद होती.

२४ जुलै
परवा पोचली असेल. वत्सलाला दोनदा फोन आला म्हणे. दोन्ही वेळा मी चौकात. माझ्याबद्दल विचारले काय, म्हटले तर वत्सला म्हणाली, इचारलं ना. खोटे बोलताना ती पदर नीट करते.
मी फोन करणार नाही. मोठ्या माणसाने आपण होऊन करू नये.

२५ जुलै
हिमानी, हे तू वाचणार नाहीस, तरी लिहून ठेवतो. फेब्रुवारीत माझी हरकत होती. मराठीत होती, हिंदीत होती, ज्या भाषेत म्हणशील त्या भाषेत होती. फक्त फॉर्म लिहिला त्या दिवशी नव्हती.
खोली कितव्या मजल्यावर आहे? भात सोडून काही मिळते काय? माझा मोबाईल चार्ज करून शर्टाच्या खिशातच ठेवतो आहे. आजीच्या मोबाईलवर नको, याच्यावर कळव. लवकर कळव.